मॉरिशसचे लगून, सागरी जीवसृष्टी आणि मराठी वसाहत : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : मॉरिशस, ज्वालामुखी बेट, प्रवाळभित्ती, लगून, गिरमिट पद्धती, मराठी वसाहत, स्नॉर्कलिंग, सागरी संवर्धन.

प्रस्तावना :

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात असलेले मॉरिशस हे ज्वालामुखीपासून निर्माण झालेले बेट आज जगभरातील पर्यटकांचे आकर्षण बनले आहे. डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावून व तोंडात श्वासनळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत राहायचे आणि खालची प्रवाळे, रंगीत मासे, समुद्री कासवे व डॉल्फिन पाहायचे, या प्रकारास 'स्नॉर्कलिंग' असे म्हणतात. मॉरिशसच्या पर्यटनात या प्रकारास फार मोठे स्थान आहे. २०१८ मध्ये या बेटास सुमारे १४ लाख पर्यटकांनी भेट दिली. ही संख्या त्या देशाच्या एकूण लोकसंख्येहून अधिक होती, यावरून तेथील अर्थव्यवस्थेत समुद्राचे महत्त्व किती आहे याची कल्पना येते.

मराठी वाचकास मॉरिशसची ओळख आहे ती मुख्यत: भारतीय वंशाच्या लोकांचा देश म्हणून. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही तेथे आहेत. गणेशोत्सव, जाखडी नृत्य व मराठीचे अध्यापन या माध्यमांतून त्यांनी आपली ओळख जपली आहे. या वसाहतीविषयी जे लेखन झाले त्याचा भर भाषा, धर्म आणि सण यांवर राहिला. मजूर ज्या समुद्रावरून तेथे गेले आणि ज्या समुद्राच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्या समुद्राचा विचार इतिहासलेखनात अभावानेच झालेला दिसतो. तर दुसरीकडे पर्यटनविषयक साहित्यात सागराचे सौंदर्य येते, पण त्या किनाऱ्यावर घाम गाळणारा माणूस येत नाही. हे दोन्ही इतिहास एकत्र मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मॉरिशस बेटाची ज्वालामुखीजन्य घडण आणि दख्खनचे पठार यांच्यातील संबंध स्पष्ट करणे.
२) वसाहतकाळात प्रवाळभित्ती व लगून यांचा वापर कोणत्या कारणांसाठी झाला याचा आढावा घेणे.
३) मराठी गिरमिटिया मजूर व समुद्र यांच्यातील बदलत्या संबंधांचा अभ्यास करणे.
४) सागरी पर्यटनाचा उदय, संवर्धनाचे कायदे आणि त्यांच्या मर्यादा यांचे विश्लेषण करणे.

गृहीतक :

सागरी जीवसृष्टीचे रक्षण आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या श्रमिकांचा समुद्रावरील अधिकार हे दोन वेगळे प्रश्न नसून एकाच इतिहासाच्या दोन बाजू आहेत.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. आवश्यक तेथे भूशास्त्र व सागरी जीवशास्त्र यांतील माहितीचा उपयोग केला आहे.

विषय विवेचन :

१. दख्खनचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम व मध्य भारतात लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले. त्यातून निर्माण झालेल्या बसाल्ट खडकाने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश व्यापला आहे. सह्याद्रीचे कडे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली गेली तो पाषाण आणि नांदेड-लातूर परिसरातील कापसाची काळी जमीन ही सर्व त्याच लाव्हाची देणगी होय.

भूशास्त्रज्ञांच्या मते या उद्रेकांचे मूळ पृथ्वीच्या पोटातील एका तप्त स्थानात होते. त्यास 'रियुनियन तप्तस्थान' असे संबोधले जाते. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि हे स्थान मागे राहिले. त्याच्यावरून समुद्रतळ जसजसा पुढे सरकत गेला तसतशी लाव्हाची एक लांब रांग समुद्राखाली तयार झाली. लक्षद्वीप, मालदीव व चागोस ही प्रवाळबेटे याच बुडालेल्या ज्वालामुखी कण्यावर उभी आहेत. याच क्रमात सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस बेट समुद्रातून वर आले आणि त्यानंतर रियुनियन. मॉरिशसचा ज्वालामुखी आता शांत आहे, मात्र रियुनियनवरील 'पितों द ला फुर्नेझ' हा ज्वालामुखी अद्यापही जागृत आहे. मॉरिशसमधील हिंदूंचे तीर्थस्थान असलेला गंगा तलाव हाही एका मृत ज्वालामुखीच्या मुखात साचलेल्या पाण्याचा तलाव आहे.

याचा अर्थ असा की, सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेला मजूर जेव्हा मॉरिशसच्या मळ्यात दगड वेचू लागला, तेव्हा त्याच्या हाती आलेला काळा दगड भूशास्त्राच्या दृष्टीने त्याच्या गावच्या दगडाचाच धाकटा भाऊ होता. ऊस लावण्यापूर्वी शेतातील बसाल्टचे धोंडे वेचून त्यांचे ढीग रचावे लागत. असे ढीग आजही तेथील उसाच्या फडांत उभे दिसतात.

ज्वालामुखी बेट आणि सागरी जीवसृष्टी यांचा संबंधही लक्षात घेण्याजोगा आहे. खोल महासागरात प्रवाळास वाढण्यासाठी कठीण आधार व सूर्यप्रकाश पोचेल असे उथळ पाणी लागते. ज्वालामुखीचा बुडालेला उतार हे दोन्ही पुरवतो. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ज्वालामुखी बेट हळूहळू खचते व त्याच्या भोवतीचे प्रवाळ वर वाढत राहते, असा सिद्धांत मांडला होता. मॉरिशसभोवती सुमारे १५० किलोमीटर लांबीची प्रवाळभित्ती आहे. भित्ती व किनारा यांच्यामधील उथळ व शांत पाण्यास लगून म्हणतात. या लगूनचे क्षेत्र सुमारे २४३ चौरस किलोमीटर आहे. किनाऱ्यावरील पांढरी वाळू म्हणजे प्रवाळांचा व शिंपल्यांचा चुरा होय. काळ्या कातळावर पांढरी वाळू असे दृश्य तेथे दिसते ते यामुळेच. नद्या जेथे समुद्रास मिळतात तेथे गोड्या पाण्यामुळे व गाळामुळे प्रवाळ वाढत नाही आणि भित्तीत खिंडी राहतात. या खिंडींतूनच जहाजे आत येत आणि डॉल्फिनही.

२. वसाहतकाळातील प्रवाळभित्ती : तट आणि भांडार

मॉरिशसवर मूळ रहिवासी नव्हते. १५९८ मध्ये डच खलाशी येथे उतरले व त्यांनी राजपुत्र मॉरिसच्या नावावरून बेटास नाव दिले. १६३८ मध्ये वसाहत झाली, परंतु १७१० मध्ये डचांनी बेट सोडले. या अल्प काळातच डोडो हा न उडणारा पक्षी नामशेष झाला, हे सर्वश्रुत आहे. सागरी जीवांच्या वाट्याला काय आले हे मात्र फारसे सांगितले जात नाही. या बेटसमूहाच्या लगूनमध्ये एकेकाळी समुद्री गवतावर जगणारे ड्युगाँग मोठ्या संख्येने होते. १६९१ मध्ये रॉड्रिग्ज बेटावर उतरलेल्या फ्रांस्वा लेग्वा याने आपल्या प्रवासवर्णनात त्यांचे वर्णन केले आहे. मांसासाठी झालेल्या शिकारीमुळे हा निरुपद्रवी प्राणी तेथून नाहीसा झाला. आज स्नॉर्कलिंग करणारा पर्यटक जे पाहतो ते मूळ जीवसृष्टीचा उरलेला भाग आहे, ही गोष्ट विसरता येत नाही.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. १७३५ मध्ये आलेला गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने पोर्ट लुई बंदर उभारले. फ्रेंचांच्या दृष्टीने प्रवाळभित्ती हा निसर्गाने बांधलेला तट होता. ऑगस्ट १८१० मधील ग्रां पोर्टच्या लढाईत याचा प्रत्यय आला. इंग्रजांच्या चार फ्रिगेटपैकी 'सिरियस' व 'मॅजिसिएन' ही दोन जहाजे प्रवाळाच्या उथळ भागांत रुतली आणि ती जाळून टाकण्याची वेळ इंग्रजांवर आली. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली, तेव्हा सभोवतालच्या पाण्याखालील खडकांनी असेच संरक्षण दिले होते. जाणत्या नावाड्यावाचून त्या मार्गाने जहाज नेणे शत्रूस धोक्याचे होते. मॉरिशसमध्ये मात्र इंग्रजांनी त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तर किनाऱ्यावर सैन्य उतरवून बेट जिंकले. या मोहिमेत हिंदुस्थानातून आलेल्या फौजांचाही समावेश होता.

फ्रेंच राजवटीने किनाऱ्यालगतचा सुमारे ८१ मीटर रुंदीचा पट्टा संरक्षणासाठी सरकारी मालकीचा म्हणून राखून ठेवला. हा निर्णय पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. तोफांसाठी राखलेला हाच पट्टा पुढे बंगल्यांना व हॉटेलांना भाडेपट्ट्याने दिला गेला.

३. मराठी गिरमिटिया आणि हाताच्या अंतरावरचा समुद्र

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. तत्पूर्वीच मळेवाल्यांनी स्वस्त मजुरांचा शोध सुरू केला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन पोर्ट लुईस आले. या घटनेपासून सुरू झालेल्या गिरमिट पद्धतीत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मॉरिशसला नेण्यात आले. 'गिरमिट' हा शब्द 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे मजुरांच्या तोंडी झालेले रूप होय. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत तो 'आप्रवासी घाट' २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झाला.

या मजुरांमध्ये कलकत्ता व मद्रास येथून गेलेल्यांचे प्रमाण मोठे होते. मुंबई बंदरातून गेलेले तुलनेने थोडे होते. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतील मराठी भाषकांचा समावेश होता. कोकणातील मजुरांना समुद्र नवा नव्हता, तर घाटावरील मजुरांना तो सर्वस्वी अपरिचित होता. समुद्र ओलांडणे हे अनेकांच्या दृष्टीने जातीला व घराला मुकणे होते.

मॉरिशस हे सुमारे ६५ किलोमीटर लांब व ४५ किलोमीटर रुंद बेट आहे. बेटावरील कोणत्याही गावाहून समुद्र एका दिवसाच्या पायपिटीत गाठता येतो. तरीही गिरमिटिया मजुराच्या दृष्टीने तो दूरच राहिला. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कामगार कायद्याने तर मळ्याबाहेर वावरण्यासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र व परवाना बाळगणे भाग पडले. परवान्याविना सापडलेला मजूर भटका समजून तुरुंगात टाकला जात असे. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ याने ९,४०१ जुन्या मजुरांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले. त्यानंतर शाही आयोगाची नेमणूक झाली. अशा परिस्थितीत लगूनमधील मासळी हाताच्या अंतरावर असताना मजुराच्या शिध्यात तांदूळ व डाळीसोबत मिळत असे ती सुकी वा खारी मासळी.

गिरमिट पद्धतीविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ह्यू टिंकर यांनी १९७४ मधील आपल्या ग्रंथात या पद्धतीस गुलामगिरीचे नवे रूप म्हटले, तर मरिना कार्टर यांनी मजुरांच्या स्वत:च्या प्रयत्नांवर व त्यांनी उभारलेल्या समाजजीवनावर भर दिला. मराठी वसाहतीचा विचार करता दोन्ही बाजूंत तथ्य आढळते. मराठवाड्यातील वाचकास हे समजण्यास फार दूर जावे लागत नाही. मुखेड व कंधार तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. मुकादम, उचल, 'कोयता' म्हणून मोजले जाणारे जोडपे आणि हंगाम संपेपर्यंत न सुटणारे कर्ज ही व्यवस्था मॉरिशसच्या सिरदार-गिरमिट व्यवस्थेची आठवण करून देते. अंतर इतकेच की, ऊसतोड कामगार पावसाळ्यापूर्वी गावी परततो. मॉरिशसच्या मजुरांपैकी बहुसंख्यांना समुद्राने तेथेच ठेवून घेतले.

कालांतराने मराठी कुटुंबे बेटाच्या पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर व इतर जिल्ह्यांत स्थिरावली. कास्कावेल येथील महाराष्ट्र भवन हे त्यांच्या सामाजिक जीवनाचे केंद्र आहे. हेन्रिएट्टा गावात १८९६ मध्ये गणेशोत्सव साजरा झाल्याचे सांगितले जाते. आज गणेश चतुर्थीस मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातील जाखडी नृत्य या उत्सवात तेथे अद्यापही केले जाते. विसर्जनासाठी मूर्ती नदीकाठी किंवा समुद्रकिनारी नेल्या जातात. ज्या समुद्राने पूर्वजांना गावापासून तोडले, त्याच समुद्राकडे समाज म्हणून एकत्र जाण्याचा हा दिवस ठरला. घरातील बोली बहुतांशी क्रिओल झाली असली तरी शाळांतून आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेतून मराठीचे अध्यापन होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

४. साखर आणि प्रवाळ

मॉरिशसच्या प्रवाळांचे नुकसान पर्यटनापासून सुरू झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णत: बरोबर नाही. साखर व प्रवाळ यांचा संबंध याहून जुना आहे. लगूनमधील प्रवाळ काढून किनाऱ्यावरील भट्ट्यांत भाजले जाई व त्यापासून चुना तयार होई. हा चुना बांधकामासाठी आणि उसाचा रस निवळण्यासाठी वापरला जाई. म्हणजे ज्या उद्योगाने मराठी माणसास बेटावर आणले, तोच उद्योग भोवतीची प्रवाळे जाळत होता. मळ्यांसाठी जंगले तोडल्यामुळे माती नद्यांतून लगूनमध्ये जाऊ लागली. पुढे खतांचा वापर वाढल्यावर ती पाण्यात उतरून प्रवाळांवर शेवाळ वाढण्यास कारण झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात यात वाळूउपशाची भर पडली. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. वाढत्या बांधकामासाठी लगूनच्या तळातील प्रवाळवाळू होड्यांतून काढली जाई. या कामावर अनेक गरीब कुटुंबांचा चरितार्थ चालत असे. ऑक्टोबर २००१ पासून लगूनमधील वाळूउपशावर बंदी आली. बंदी आवश्यकच होती, मात्र तिचा भार प्रथम पडला तो वाळू काढणाऱ्या मजुरांवर. संवर्धनाची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न येथे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला असे म्हणावे लागेल.

५. पाहण्याचा समुद्र : स्नॉर्कलिंगचा उदय

पाण्याखाली पाहण्याची सोपी साधने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात प्रचारात आली. फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कोर्लिअ याने १९३३ मध्ये पायात घालण्याच्या रबरी परांचे पेटंट घेतले. १९४३ मध्ये जाक कुस्तो व एमिल गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण सिद्ध केले. मॉरिशसचे फ्रेंच भाषक जगाशी निकटचे संबंध असल्याने हा छंद तेथेही पोचला. आरंभी तो सधन वर्गापुरता होता आणि त्याचे स्वरूप बरेचसे शिकारीचे होते. बंदुकीसारख्या यंत्राने भाला सोडून मासे मारणे हा त्याचा एक भाग होता. पुढे कायद्याने त्यास मनाई झाली. १९८० मध्ये मॉरिशसमध्ये सागरी संवर्धन संस्था स्थापन झाली. १९८७ मध्ये 'स्टेला मारू' हे जुने मासेमारी जहाज त्रू-ओ-बिश किनाऱ्यासमोर मुद्दाम बुडवून माशांसाठी कृत्रिम अधिवास तयार करण्यात आला. मारण्याच्या समुद्राकडून पाहण्याच्या समुद्राकडे झालेला हा बदल होता.

१९७० नंतर हॉटेल व्यवसाय वेगाने वाढला. किनाऱ्याच्या सरकारी पट्ट्यातील जागा भाडेपट्ट्याने दिल्या गेल्या. भरतीरेषेखालील किनारा सर्वांसाठी खुला असला, तरी तेथपर्यंत पोचण्याच्या वाटा अनेक ठिकाणी अरुंद झाल्या. या बदलामुळे रोजगार निर्माण झाला, हेही मान्य करावे लागेल. मळ्यावरील मजुरांची नातवंडे हॉटेलांत, नौकांवर व मार्गदर्शक म्हणून काम करू लागली. काही मच्छीमारांनी जाळे ठेवून काचतळाच्या होड्या घेतल्या.

संवर्धनाच्या दृष्टीने आग्नेय किनाऱ्यावरील ब्ल्यू बे हे क्षेत्र विशेष महत्त्वाचे आहे. ३५३ हेक्टरचे हे क्षेत्र १९९७ मध्ये संरक्षित झाले, २००० मध्ये त्यास सागरी उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २००८ मध्ये रामसर करारांतर्गत त्याची आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंद झाली. येथे प्रवाळांच्या ३८ व माशांच्या ७२ जातींची नोंद आहे. पोहणे, नौका उभ्या करणे आणि कडक संवर्धन यांसाठी पाण्याचे स्वतंत्र विभाग पाडलेले आहेत. किनाऱ्यापासून अल्प अंतरावर, कंबरभर ते पुरुषभर पाण्यात प्रवाळ दिसत असल्याने सामान्य माणसासही तेथे स्नॉर्कलिंग करता येते. परंतु हेच सुलभपण धोक्याचेही ठरते. प्रवाळ हा दगड नसून असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत असते. पायाच्या एका धक्क्याने वा नांगराच्या एका ओढीने अनेक वर्षांची वाढ मोडते.

६. तामारिनचे डॉल्फिन

पश्चिम किनाऱ्यावरील तामारिनचा उपसागर ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातच येतो. मराठी वस्तीचे कास्कावेल येथून जवळ आहे. नदीच्या मुखामुळे येथे प्रवाळभित्तीत खिंड आहे. फिरकी घेत पाण्याबाहेर उड्या मारणारे 'स्पिनर' डॉल्फिन रात्री खोल समुद्रात भक्ष्य शोधतात व सकाळी अशा शांत उपसागरांत विश्रांतीसाठी येतात. पर्यटकांच्या नौका निघतात त्याही सकाळीच. डॉल्फिनच्या विश्रांतीची वेळ आणि पर्यटकांच्या आनंदाची वेळ एकच असणे, हे येथील समस्येचे मूळ होय.

नौकांनी वेढले जाण्याने डॉल्फिनची विश्रांती मोडते. रात्रीच्या शिकारीसाठी लागणारी शक्ती दिवसा पळण्यात खर्च होते. हे ध्यानात आल्यावर २०१२ मध्ये मॉरिशस सरकारने डॉल्फिन व देवमासे पाहण्याविषयी नियम केले. ठरावीक अंतर राखणे व पाठलाग न करणे हा त्यांचा गाभा आहे. नियमांची अंमलबजावणी मात्र सोपी नाही. नौकाचालकाचे उत्पन्न पर्यटकाच्या समाधानावर अवलंबून असते आणि पर्यटकास डॉल्फिन जवळून हवा असतो. नौकाचालक एकट्याने अंतर राखू लागला, तर त्याचा ग्राहक दुसऱ्या नौकेकडे जातो. म्हणून केवळ त्यास दोष देणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते.

७. वाकाशियो दुर्घटना (२०२०) आणि उसाचे पाचट

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज पॉइंट द'एस्नी येथील प्रवाळभित्तीवर आदळले. ६ ऑगस्टपासून त्यातील तेल गळू लागले आणि सुमारे १,००० टन तेल लगूनमध्ये पसरले. १५ ऑगस्ट रोजी जहाजाचे दोन तुकडे झाले. ब्ल्यू बे उद्यान तेथून जवळ आहे. शिवाय हा तोच ग्रां पोर्टचा परिसर होता, जेथे २१० वर्षांपूर्वी इंग्रजांची जहाजे रुतली होती. १८१० मध्ये प्रवाळाने जहाजांचा बळी घेतला होता, २०२० मध्ये जहाजाने प्रवाळाचा घेतला.

या प्रसंगी सामान्य नागरिकांनी केलेले काम इतिहासात नोंदवले जाण्याजोगे आहे. शासकीय यंत्रणेची वाट न पाहता हजारो स्त्री-पुरुष किनाऱ्यावर जमले. त्यांनी कापडी नळ्या शिवल्या, त्यांत उसाचे वाळलेले पाचट व कापलेले केस भरले आणि पाण्यावर तरंगणारे बांध तयार करून तेल अडवले. क्रिओल, भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी, मुस्लिम, चिनी अशा सर्व वंशपरंपरांचा हा देश त्या वेळी एका कामात गुंतला होता. ज्या उसासाठी त्यांच्या पूर्वजांना समुद्रापासून दूर ठेवले गेले, त्या उसाचे पाचट घेऊन त्यांचे वंशज समुद्र वाचवण्यास उभे राहिले. लगून आपले आहे, ही भावना कायद्याच्या कोणत्याही कलमापेक्षा येथे प्रभावी ठरली.

त्याच महिन्याच्या अखेरीस सुमारे ५० डॉल्फिन वर्गातील प्राणी किनाऱ्यावर मृतावस्थेत आढळले. त्यांच्या मृत्यूच्या कारणाबाबत मतभेद झाले. २९ ऑगस्ट रोजी पोर्ट लुईमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. परिसरातील मच्छीमारांचा व्यवसाय काही महिने बंद राहिला. या दुर्घटनेच्या जोडीला वाढत्या तापमानाचे संकट आहेच. १९९८ मध्ये हिंदी महासागरात प्रवाळांच्या विरंजनाची मोठी लाट आली होती आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातील चौथ्या व्यापक प्रवाळ विरंजनाची घोषणा केली. पाणी दीर्घकाळ तापल्यास प्रवाळातील सहजीवी शैवाल निघून जाते व ते पांढरे पडते. उष्णता लवकर न ओसरल्यास प्रवाळ मरतात.

८. मालवणचा संदर्भ

मॉरिशसच्या अनुभवाचे महाराष्ट्राच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. मालवणची बेटे ज्वालामुखीजन्य नाहीत, परंतु सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांवर प्रवाळे आहेत आणि तेथे स्नॉर्कलिंगचा व्यवसाय रुजला आहे. १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. मासेमारी बंद होईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. पुढे पर्यटन वाढल्यावर त्याच समाजातील अनेक तरुण पर्यटकांना समुद्रतळ दाखवू लागले. त्यांना खडकांच्या जागा, प्रवाह व वाऱ्याची दिशा पिढीजात ठाऊक होती. मात्र मे २०२२ मध्ये तारकर्ली येथे पर्यटकांची नौका उलटून जीवितहानी झाली, तेव्हा या व्यवसायातील शिस्तीचा प्रश्नही समोर आला. कायदा आधी व विश्वास नंतर, हा क्रम मालवणात विरोधास कारण झाला. मॉरिशसमधील वाळूउपसा बंदीचा अनुभवही यापेक्षा फारसा वेगळा नाही.

निष्कर्ष :

१) दख्खनचे पठार आणि मॉरिशस बेट यांचा उगम एकाच तप्तस्थानाशी जोडला जातो. मराठी मजुरांचे स्थलांतर एका लाव्हाभूमीतून दुसऱ्या लाव्हाभूमीत झाले.
२) मॉरिशसची प्रवाळभित्ती व लगून यांचा अर्थ काळानुरूप बदलत गेला. फ्रेंचांसाठी ते तट होते, मळेवाल्यांसाठी चुन्याचा साठा, मजुरांसाठी मज्जाव असलेले क्षेत्र, तर पर्यटनासाठी प्रेक्षणीय स्थळ.
३) सागरी जीवसृष्टीचा ऱ्हास पर्यटनापूर्वीच सुरू झाला होता. ड्युगाँगचा नाश व प्रवाळांच्या चुनाभट्ट्या ही त्याची उदाहरणे आहेत.
४) स्नॉर्कलिंगमुळे सागरी जीव मारण्याऐवजी पाहण्याची वृत्ती वाढली, परंतु अनिर्बंध गर्दीमुळे पाहणेही अपायकारक ठरू शकते, हे तामारिनच्या डॉल्फिनवरून स्पष्ट होते.
५) समुद्राशी ज्यांचे जगणे बांधलेले आहे त्यांना सहभागी केल्याशिवाय संवर्धन टिकत नाही. २०२० मध्ये लगूनच्या रक्षणासाठी प्रथम धावून आले ते तेथील सामान्य लोक. किनाऱ्यावरील त्यांचा अधिकार मान्य करणे ही संवर्धनाची पूर्वअट होय, असे म्हणता येईल.

एकंदरीत, मॉरिशसच्या मराठी वसाहतीचा इतिहास उसाच्या फडापाशी संपत नाही. तो किनाऱ्यापर्यंत आणि किनाऱ्यापलीकडील प्रवाळांपर्यंत जातो. मजूर व प्रवाळ या दोघांनाही साखरेच्या अर्थव्यवस्थेने एकाच काळात झिजवले. म्हणूनच दोघांचा इतिहास एकत्र लिहिला जाणे आवश्यक आहे.